दोष : उचलून नेता येतो

लॅपटॉप या वस्तूचा आमच्या घरमालकीण काकूंइतका मनापासून राग करणारं माणूस, कनेरगाव नाक्यापासून सिद्धेश्वरच्या धरणापर्यंत अख्खा हिंगोली जिल्हा पालथा घातला तरी सापडणार नाही. आणि हा राग त्यांनी लॅपटॉपला एकदाही हात न लावता कमावलेला होता. मी कॉलेजची तीन वर्षं त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहिले. आमच्या तांड्यावरून कॉलेजात गेलेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळे कॉम्प्युटर म्हणजे काय हे मला कॉलेजच्या आधी काकूंनी शिकवलं, आणि कॉलेजनं शिकवलेलं त्यातलं निम्मं त्यांनी चूक ठरवलं. त्यांच्याबद्दल नीट लिहिता येईल की नाही, मला खात्री नाही. पण लिहून बघते.

काकू कचेरीतून टायपिस्ट-कारकून म्हणून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नाही. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणायची, पण खऱ्या नात्यानं हाक मारणारा एकच, त्यांच्या भावाचा मुलगा. भाऊ दूरच्या एका गावी देवळाच्या पूजेला, म्हणून हा भाचा शाळेची दहा वर्षं आत्याकडे राहिला आणि इंजिनिअर होऊन पुण्याला गेला. काकूंच्या कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला कुणीच हात लावेना. बिघडला तर कोण निस्तरणार, या भीतीनं सगळ्या पुरुष मंडळींनी तो एकमतानं काकूंच्या टेबलावर ठेवला. चपला काढून आत यायचं, हात धुऊन बसायचं, असे त्या खोलीचे नियम होते. कचेरी सुटली, पण काकूंनी ते नियम पेन्शनबरोबर घरी आणले.

इतरांच्या बैठकीत जिथं टीव्ही असतो तिथं काकूंचा डेस्कटॉप होता. त्याच्या मापाचं सागवानी टेबल त्यांनी सुताराला घरी बोलावून, कॉम्प्युटर समोर ठेवून करून घेतलेलं. सकाळी अंघोळ झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. आधी भिंतीवरचं बटण, मग यूपीएस, मग पडदा, मग सीपीयूचा डबा. मी एकदा घाईत डबा आधी सुरू केला तर त्यांनी सगळं बंद करायला लावून पहिल्यापासून करून घेतलं. काम संपलं की मात्र खरा विधी सुरू व्हायचा. काकू डब्यावर तळहात ठेवून उभ्या राहायच्या. पाच मिनिटं, कधी दहा. तो पूर्ण निवल्यावरच त्याच्यावर फुलाफुलांचं कव्हर पडायचं. "गरम असताना झाकू न्हाई," त्या म्हणायच्या. "भाजी झाकली तर नासती का न्हाई? हे बी तसंच." मी बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला होते. भीत भीत म्हटलं, "काकू, पुस्तकात असं कुठं लिहिलेलं न्हाई." त्या म्हणाल्या, "पुस्तकवाल्याच्या घरी दुसरं कुनी झाकत असंल."

या कॉम्प्युटरवर त्या गल्लीचे अर्ज टाइप करायच्या. नळाला पाणी नाही, विजेची डीपी जळाली, जातीचा दाखला पाहिजे, कुणाचंही गाऱ्हाणं असो, काकू त्याला समास सोडून, परिच्छेद पाडून असं काही उभं करायच्या की गाऱ्हाणं आणणाऱ्यालाच वाटायचं, आपली तकलीफ इतकी भारदस्त आहे हे आपल्याला ठाऊकच नव्हतं. पण चाळीस वर्षं अर्ज टाइप केल्यावर हाताला दुसरं वळण राहत नाही. भाच्याला पत्र लिहायचं तेही त्याच साच्यात. मी स्वतः पाहिलेलं एक पत्र असं होतं : "विषय : दिवाळीस येणेबाबत. संदर्भ : मागील वर्षीचे आपले तोंडी आश्वासन. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, चकली आपल्या आवडीनुसार करण्यात येईल." याची छापील प्रत काढून, खाली सही करून, त्या सहीच्या कागदाचा फोटो मला मोबाइलवरून पाठवायला लावायच्या. भाच्याचं उत्तर यायचं ते एक पिवळा अंगठा. काकू तो अंगठा बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "इंजिनिअर झाला आन् अंगठा लावून राहिला."

लॅपटॉपशी वैर या भाच्यामुळेच सुरू झालं. नोकरी लागल्यावर तो पहिल्यांदा आला तो मांडीवर लॅपटॉप घेऊनच. झोपाळ्यावर लॅपटॉप, अंथरुणात लॅपटॉप. जेवायला बसला तेव्हा त्यानं शेजारच्या पाटावर तो उघडून ठेवला. काकूंनी आणखी एक ताट घेतलं आणि लॅपटॉपपुढं वरण-भात, लिंबाची फोड, मीठ, सगळं बराबर वाढलं. "आत्या, हे काय?" "पाहुणा हाय ना तुझ्यासंगं. उपाशी कसा ठेवू?" ही गोष्ट सांगताना त्या स्वतः खूप हसायच्या. हसून झाल्यावर म्हणायच्या, "मांडीवर लेकरू घ्यावं गं. कॉम्प्युटर काहून घ्यावं?" त्यानंतर भाचा चार वेळा आला. दर वेळी निघताना लॅपटॉप आधी बॅगेत गेला आणि मागोमाग तोही पुण्याला गेला.

आता लाइट जाण्याबद्दल सांगायला हवं. आमच्या भागात लाइट कधीही जायची, आणि डेस्कटॉपच्या विरोधात कुणालाही सुचेल असा हा पहिला मुद्दा. भाच्यानं इन्व्हर्टर बसवून देतो म्हटलं तर काकूंनी साफ नकार दिला. "लाइट गेली हे माणसाला कळाया पायजे." यूपीएस ओरडायला लागला की त्या शांतपणे काम सेव्ह करायच्या, सगळं बंद करायच्या, डबा निवेपर्यंत हात ठेवून उभ्या राहायच्या आणि मग माझ्या दारावर थाप पडायची. "ये गं बाहेर. लाइट गेली." ओट्यावर दोन खुर्च्या मांडलेल्या असायच्या. कचेरीतल्या गमती, कुणी कुणाची फाइल कशी दडवली, भाच्याला पाढे कसे येत नव्हते, सगळं तिथं ऐकायचं. पण त्या विचारायच्याही. "आज काय शिकवलं?" हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. माझ्या घरचे माझ्यावर जीव टाकतात, पण बापू शाळेच्या पायरीपुढं गेले नाहीत, याडीला, म्हणजे आईला, तर सहीही येत नाही. फोनवर ते विचारतात, जेवलीस का. ते बरंच असतं. पण वर्गात शहरातल्या मुली भराभर बोलत असताना माझ्या तोंडून शब्द निघत नाही, हे सांगायला मला जागा नव्हती. ओट्यावर, अंधार पडत असताना, ते सांगता यायचं. काकू ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "मला बी कचेरीत पहिले दोन वर्स कुनी बोलवत नव्हतं. मशीनच बोलायचं टकटक."

तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट आला आणि स्वतःचा कॉम्प्युटर घेणं भाग पडलं. बापूंनी त्या साली हळद विकून पैसे माझ्या हातात ठेवले. "आमाला त्यातलं कळत न्हाई. तुला जे लागंल ते घे." ते एवढं बोलले आणि माझी झोप उडाली. चुकीची वस्तू घेतली तर परत असे पैसे कधी येणार नव्हते. मी काकूंना विचारलं, आणि चूक म्हणाल तर तिथंच झाली, कारण काकूंना सल्ला विचारला की त्या टिपणी सादर करत.

दुसऱ्या दिवशी दाराच्या फटीतून कागद आत आला. "विषय : मुख्य संगणक म्हणून डेस्कटॉप निवडणेबाबत." खाली चौकटी आखून तुलनात्मक तक्ता. डेस्कटॉप : पडदा मोठा, डोळ्यांना आराम, सुटे भाग हिंगोलीतच बदलून मिळतात, त्याच पैशांत दुप्पट काम, पाठ ताठ राहते. लॅपटॉप : पडू शकतो, चोरीस जाऊ शकतो, एक भाग बिघडला की सगळाच दुकानात, मान वाकते. हे सगळं मला पटत होतं. खरं सांगते, कॉलेजच्या सरांपेक्षा त्यांनी ते नीट मांडलं होतं. पण तक्त्याची शेवटची ओळ वाचून मी अडखळले. डेस्कटॉपच्या चौकटीत, गुणांमध्ये लिहिलं होतं : उचलून नेता येत नाही. लॅपटॉपच्या चौकटीत, दोषांमध्ये : उचलून नेता येतो.

मला वाटलं, टाइप करताना उलटसुलट झालं. मी जाऊन तसं म्हटलंही. त्यांनी चष्मा लावून कागद पुन्हा वाचला. "बराबर हाय," त्या म्हणाल्या आणि टेप घेऊन बैठकीतली दुसरी भिंत मोजायला लागल्या. "इथं तुझं टेबल बसंल. सुताराला मी सांगते. पुढं शिकायचं तर इथंच शीक, भाडं नको मला." मी टेपचं दुसरं टोक धरून उभी राहिले. मला पुण्याला जायचं होतं, आणि ते मी त्यांना अजून सांगितलेलं नव्हतं.

मी लॅपटॉप घेतला. कॉलेजात न्यायचा होता, सुट्टीत तांड्यावर न्यायचा होता, आणि पुढं जायचं होतं. घरी आणून काकूंपुढं ठेवला. काकूंनी तो चारी बाजूंनी पाहिला, एका हातानं उचलून तोलला. "भाकरीएवढा हाय," म्हणाल्या. मग आत जाऊन कुंकू आणलं, झाकणावर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "घेतला ना, आता नीट वापर." बस. एवढंच. मी दोन दिवस बोलणी खायची तयारी करून ठेवली होती, ती तशीच राहिली.

त्यानंतर लाइट गेली तेव्हा माझ्या दारावर थाप पडली नाही. पुढच्या वेळीही नाही. दोन आठवडे गेले. मी बॅटरीवर काम करत राहायचे आणि मनात म्हणायचे, काकू रागावल्या. प्रोजेक्ट पुढं सरकत होता, पण खोलीत बसून तो करताना मला पहिल्या वर्षाच्या सुरुवातीसारखं एकटं वाटायला लागलं. एका संध्याकाळी लाइट नसताना मी माठातलं पाणी घ्यायला पुढं गेले, तर काकू ओट्यावर बसल्या होत्या. दोन्ही खुर्च्या मांडलेल्या होत्या.

"काकू, मला हाक काहून मारली न्हाई?"

"तुझ्या खिडकीत उजेड दिसून राहिला. म्हटलं पोरीचं काम चालू हाय. चालू कामात हाक मारू न्हाई."

"तुमी रागावल्या न्हाई?"

"रागावू काहून? काम तर चांगलं करून राहिली." आणि थोड्या वेळानं, रस्त्याकडं बघत, "ह्या मशीनला लाइट गेल्याचं कळतच न्हाई का गं?"

चार दिवसांनी लाइट गेली. बॅटरी भरपूर होती. मी झाकण मिटलं, खोलीत अंधार केला आणि बाहेर जाऊन उभी राहिले. काकू डब्यावर हात ठेवून उभ्या होत्या. "काय झालं?" "बंद पडला," मी म्हटलं. "बॅटरीच राहत न्हाई." मी खोटं फार वाईट बोलते, पण काकूंना त्या क्षणी माझ्या चेहऱ्याकडं बघायला फुरसतच नव्हती. त्यांचा चेहरा असा खुलला की डबा निवायची वाट न बघता त्यांनी खुर्च्या ओढल्या. "सांगितलं होतं का न्हाई? तक्त्यात लिहायचंच राहिलं हे! नवं मशीन आन् लाइट जाताच झोपतं!" पुढं प्रत्येक वेळी लाइट गेली की माझी बॅटरी गेली. काकूंनी गल्लीभर माझ्या लॅपटॉपची इतकी बदनामी केली की समोरच्या घरातल्यांनी मुलाला डेस्कटॉप घेतला. त्याची पूजा करायला काकू गेल्या, आणि कधी झाकायचा तेही शिकवून आल्या.

आता मी पुण्यात नोकरीला आहे. सहा जणींची खोली, सहा लॅपटॉप, सहाही जणींच्या कानात काहीतरी घातलेलं. इथं लाइट जात नाही. मी निघाले तेव्हा काकूंनी स्टँडवर यायचं टाळलं. कुणाचा तरी अर्ज आज द्यायचा आहे, म्हणाल्या. मला वाटलं, आपणही भाच्याच्या रांगेत जाऊन बसलो. पण आठवड्यानं फोन आला. "लाइट गेली हाय. म्हटलं बघावं काय करून राहिली." तेव्हापासून त्या लाइट गेली की फोन करतात, आणि आली की "आली बघ, ठेवते" म्हणून ठेवतात. आपल्या गावची लाइट जावी म्हणून वाट बघणारी अख्ख्या पुण्यात मी एकटीच असेन.

परवा असाच फोन आला. नव्या कंपनीत मला अजून बोलता येत नाही, असं मी सांगत होते. बोलता बोलता पलीकडून बैठकीतला पंखा सुरू झाल्याचा आवाज आला. तो सुरू होताना तीनदा कटकट करतो. मी थांबले. आता त्या "आली बघ" म्हणतील, असं वाटलं.

"मंग?" काकू म्हणाल्या. "पुढं काय झालं?"

मी पंख्याचं काही बोलले नाही. त्याही बोलल्या नाहीत. मी पुढचं सांगायला लागले.