वच्छलाबाईंच्या बांधीतलं पाणी

वच्छलाबाई इंटरनेटवर जाताना डबा घेऊन जायच्या. आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी त्या आमच्या बूथमध्ये येत, चपला बाहेर काढत, पदर सारखा करत आणि कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर स्टीलचा डबा उघडून ठेवत. "एवढ्या बाया बसल्या असतीन, रिकाम्या हातानं कशी येऊ?" डब्यात कधी सुक्या मासोळ्यांची चटणी, कधी लाखोळीच्या डाळीचे वडे. बाया काही पडद्यातून हात बाहेर काढत नसत, त्यामुळे त्यांच्या वतीने मला खावं लागे आणि कसं झालंय ते टाइप करून कळवावं लागे. एकदा मी नुसतं 'छान' लिहिलं, तर त्यांनी ते खोडायला लावलं. वडे खारट झाले होते, तर खारट असंच लिहायचं. वड्यांबद्दल खोटं बोललो तर बाकीचं आपलं कोण खरं मानेल, असं त्यांचं म्हणणं.

सिंदेवाहीच्या बसस्टँडजवळ बाबांचं एसटीडी बूथ होतं. लोकांच्या खिशात मोबाइल आले तसं ते ओस पडलं, म्हणून बाबांनी त्यात एक कॉम्प्युटर आणून ठेवला आणि बाहेर 'इंटरनेट' अशी पाटी लावली. त्याच्यापुढे बसायला मी होतेच. नागपूरहून माहेरी येऊन मला आठ महिने झाले होते आणि विचारणाऱ्याला मी सांगत होते की यांची बदली चालली आहे. आठ महिने चालणारी बदली कुणी ऐकली नसेल, पण लोक सभ्यपणे मान हलवत. खरं म्हणजे नवऱ्याने पिरगाळलेलं माझं डावं मनगट अजून नीट वळत नव्हतं.

वच्छलाबाई रोवणीच्या, म्हणजे धानाची लावणी करणाऱ्या बायांच्या मुकादम. कुणाच्याही बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, रोवणा असला की चौदा बायांची टोळी घेऊन त्या हजर. अठरा वर्षं नवऱ्याचा मार खाल्ला आणि एका सकाळी दोन शेळ्या सोडून घेऊन ज्या निघाल्या त्या परत गेल्या नाहीत. पण मनाने मात्र तेव्हापासून दोन्हीकडे धावायला सुरुवात केली. कधी तीन-तीन दिवस झोप नाही, कधी आठ दिवस उठणं नाही. चंद्रपूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी आजाराला नाव दिलं, गोळ्या दिल्या आणि चिठ्ठीच्या मागे एक इंटरनेटचा पत्ता लिहून दिला. असा मार आणि असा आजार दोन्ही वाट्याला आलेल्या मराठी बायकांचा तो गट होता. वच्छलाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या सांगत, मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करी आणि आलेली उत्तरं वाचून दाखवी.

गटात खरं नाव सांगायचं नाही असा नियम होता. बाकीच्या बायकांनी चाफा, अबोली, निळाई अशी नावं घेतली होती. वच्छलाबाईंनी 'सतरा नंबर' घेतलं. एका वर्षी वादळात सगळा धान आडवा झाला तेव्हा सतरा नंबरची बांधी तेवढी उभी होती म्हणे. दुसरा नियम असा की आज मन कसं आहे ते दहापैकी आकड्यात सांगायचं. हा नियम त्यांनी पहिल्याच दिवशी मोडला.

"दहापैकी कसं सांगू? मी दहाच्या वर गेलो का घरातले भांडे लोकायले वाटून टाकतो. धानाले घोट्याएवढं पाणी लागते. कमी झालं का भेगा, जास्त झालं का परे तरंगते. तसं लिही."

परे म्हणजे धानाची रोपं, हे कंसात घालून तसं लिहिलं. महिन्याभरात गटातून आकडे गेले. पुण्याची अबोली लिहू लागली की आज सासूबाई आल्या, पाणी गुडघ्यापर्यंत. बर्फाच्या कुठल्याशा देशातली चाफा लिही की चार दिवस भेगा आहेत. या बायांनी जन्मात बांधी पाहिली नव्हती. तरी एकमेकींचं पाणी त्यांना बरोबर समजायचं.

त्या वर्षी आषाढात वच्छलाबाईंचं स्वतःचं पाणी बांधावरून गेलं. बाजाराचा दिवस नसताना त्या अनवाणी आल्या, डब्याशिवाय, आणि उभ्या उभ्याच सांगू लागल्या. गटातल्या सगळ्या बायांना त्यांनी रोवण्याचं आमंत्रण दिलं. मीही अशी शहाणी की नागभीडवरून येणाऱ्या गाड्यांच्या वेळांसकट ते टाइप केलं. मग त्या बाजारात गेल्या आणि शहरातल्या बाया भिजतील म्हणून बावीस छत्र्या घेऊन आल्या. रोवताना दोन्ही हात चिखलात असतात, छत्री धरायची कोणी, हा विचार त्यांच्या मनात आला नाही. बावीस वर्षं रोवणी केलेल्या बाईच्या!

निळाई ही गट चालवायची. तिने दहा मिनिटांत आमंत्रण पुसलं आणि सतरा नंबरला पंधरा दिवस लिहायची बंदी केली. काहींचे नवरे खोटी नावं घेऊन इथे पत्ते शोधत फिरतात, असं तिने कळवलं. ते वाचून दाखवताना माझाच आवाज बारीक झाला. वच्छलाबाईंनी आधी निळाईला मनसोक्त शिव्या दिल्या, मग मी त्यांना चंद्रपूरला नेलं, गोळी बदलली. पाणी उतरल्यावर त्यांचं मत बदललं. "बाई कडक आहे. पन कोनी तरी बांध धरून ठेवाले पाह्यजे." त्या छत्र्या टोळीतल्या बायांनी वाटून घेतल्या आणि उघडून बांधावरच्या जेवणाच्या डब्यांवर ठेवल्या. त्या हंगामात सिंदेवाहीत सगळ्यात सावलीत कोणी असेल तर त्या भाकऱ्या.

बंदी उठली त्या बाजाराच्या दिवशी त्या आल्या, डबा उघडला आणि सांगू लागल्या.

"लिही. माया बांधीत आता पाणी बरोबर आहे. पन आमच्या इथी एक पोरगी आहे. तिच्या बांधीत भेगा पडून राह्यल्या, आन ते लोकायले सांगते का पाणी उद्या येनार आहे."

'भेगा'पर्यंत मी टाइप केलं आणि माझे हात थांबले. नवरा रविवारी मला न्यायला येणार होता. बाबांनी त्याला हो म्हटलं होतं आणि बाजारात चार जणांना आनंदाने सांगितलंही होतं. मी बदलीचं काहीतरी पुटपुटले.

"पोरी, मी मुकादम हाव. कोनती बाई रोवाले वाकली आन कोनती दुखते मनून वाकली, ते मले मागूनच समजते." त्या उठल्या, चपला घातल्या. "मी बाहेर बसतो. आता तुयं लिही. मले वाचता येत नाई, भेवू नोको."

मी लिहिलं. नवरा न्यायला येतोय. त्याने माझा हात पिरगाळला होता. मला जायचं नाही. एवढंच लिहायला मला अर्धा तास लागला, आणि मी रडतही होते. पहिलं उत्तर निळाईचं आलं. त्या दिवशी एकटी राहू नकोस, गावात विश्वासाची एखादी बाई असेल तर तिला आजच सांग. मी बाहेर जाऊन पायरीवर बसलेल्या वच्छलाबाईंना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, त्याची गाडी किती वाजताची आहे.

रविवारी दहाला तो आला. खुर्ची दिली, चहा दिला, आईने माझी बॅग दाराशी आणून ठेवली. तेवढ्यात गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेल्या चौदा बाया आणि वच्छलाबाई अंगणात उभ्या राहिल्या. आमच्याकडे रोवणीच्या टोळीतली बाई आली नाही तर टोळी तिला घरून घेऊन जाते आणि त्याला कोणी आडकाठी करत नाही, कारण उपटलेले परे थांबत नाहीत. "तुमची पोरगी आली नाई. परे सुकून राह्यले," वच्छलाबाई बाबांना म्हणाल्या. बाबांचा जन्म धानात गेलेला. त्यांच्या तोंडून सवयीनेच निघून गेलं, "जा, जा लवकर." मग त्यांच्या लक्षात आलं की त्यांच्या मुलीने आयुष्यात एक परा रोवलेला नाही. पण तोवर मी अंगणात पोचले होते.

ही कधीपासून रोवायला जाते, असं माझ्या नवऱ्याने विचारलं.

"आठ मयने झाले, जावाईबापू. तुमची बदली सुरू झाली तवापासून."

दिवसभर मी रोवलं. वाकडंतिकडं रोवलं. वच्छलाबाई माझ्यामागून येत माझे परे उपटून पुन्हा सरळ लावत होत्या. संध्याकाळी घरी आले तेव्हा तो चारच्या गाडीने गेला होता आणि बाबा माझी बॅग उचलून आत नेत होते. दुसऱ्या दिवशी मी वच्छलाबाईंना विचारलं, तो पुन्हा आला तर?

"येऊ दे. आपल्या बांध्या लय आहेत."

वच्छलाबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. एवढी माया मला नंतर कोणी लावली नाही. तो त्यानंतर दोनदा आला. दोन्ही वेळा मी रोवणीला गेले होते. दुसऱ्या वेळी तर मार्च महिना होता आणि शिवारात थेंबभर पाणी नव्हतं.