प्रफुल खाली बसला

आलापल्लीच्या त्या आरोग्य संस्थेच्या कार्यालयात प्रफुलला बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. त्याच्या नावाची खुर्ची होती, पण तिच्यावर बहुधा त्याचं हेल्मेट बसलेलं असे. संगणकाचं काम तो टेबलावर वाकून उभ्याउभ्याच करी, फोनवर बोलताना अंगणातल्या सागाला फेऱ्या घाली, आणि डबा खातानाही दर दोन घासांनी खिडकीशी जाऊन येई. "आमच्या ह्यांले देवानं बसाचा भागच देला नाई," असं त्याची बायको दिव्यानी म्हणायची. लग्नात तो पाटावरून दोनदा उठला होता. एकदा लाउडस्पीकरची वायर सुटली म्हणून, आणि दुसऱ्यांदा ती नीट लागली का ते पाहायला.

माणूस मात्र शब्दाचा पक्का. अहेरीत बारावी, चंद्रपुरात संगणकाचा कोर्स, मग नागपुरात मोबाईल दुरुस्तीचं दुकान, असं करत तो परत आपल्या मुलखात आला होता. बिघडलेली वस्तू त्याच्या हातात पटकन सुरू होई. काय बिघडलं होतं, हे मात्र त्याला पुष्कळदा सांगता येत नसे. बंद कर, चालू कर, उपट, लाव. चाललं की पुढचं काम. या घाईवर त्याचं आजवर निभावलं होतं.

कार्यालयात त्याचे दोन नियम होते. ढग गडगडला की सगळ्या वायरी उपटायच्या, कारण एकदा विजेनं दोन यंत्रं जाळली होती. आणि कुठलंही भोक उघडं ठेवायचं नाही, कारण पावसाळ्यात कुंभारीण माशी चिखलाची गोळी घेऊन येते आणि दिसेल त्या भोकात घर बांधते. कुलपात बांधते, नळीत बांधते. मागच्या वर्षी तिनं लॅपटॉपच्या वायरच्या खाचेत घर केलं होतं, ते प्रफुलनं टाचणीनं कोरून काढलं आणि सगळ्यांना चार शब्द सुनावले. झाडलोट आणि चहापाणी बघणाऱ्या अंजनाबाईंनी ते दोन नियम उपासासारखे पाळले होते.

भाद्रपदातला तो गुरुवार. गुरुवारी नागपूरच्या रक्तविकाराच्या डॉक्टर मॅडम लॅपटॉपवरून सिकलसेलचे रुग्ण बघत, दुपारच्या जेवणापर्यंत. त्या दिवशी एकच रुग्ण होती, करिश्मा. भामरागडच्या रस्त्याला आत, नाल्यापलीकडच्या गावातली. चंद्रपूरला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. पण बारावीत वसतिगृहात असताना तिला असं दुखणं उठलं होतं की हाडं कुणी पिळतंय असं वाटावं, आणि घरी निरोप पोचायला फार उशीर झाला होता. तेव्हापासून तिच्या बापाचं, झिंगूचं, एकच म्हणणं होतं. डॉक्टरबाईनं माझ्या तोंडासमोर 'पाठव' म्हटलं, तर पाठवीन. चिठ्ठी नको, निरोप नको.

"नेटचं माह्यावर सोड, पोरी," प्रफुल तिला आठवडाभर आधीच म्हणाला होता.

आणि आज नेमकं नेट नव्हतं.

आदल्या संध्याकाळी मोठी गडगड झाली होती. मोबाईलचा टॉवर तेव्हापासून आडवा होता. फोन लागला तर अर्धा शब्द ऐकू येई, अर्धा जंगलात राही. पण कार्यालयात तारेवरून येणारी लाईन होती. पुढच्या खोलीतल्या राउटरमध्ये ती यायची, तिथून एक वायर मागच्या खोलीत टेबलाखालच्या डब्यात जायची, आणि त्या डब्यातून सगळ्या टेबलांना फाटे फुटायचे. अंजनाबाईंनी सकाळी येऊन सगळ्या वायरी परत लावल्या होत्या. राउटरवर हिरवा दिवा होता. लॅपटॉपही म्हणत होता की जोडलेलो आहे. फक्त इंटरनेट नाही म्हणत होता.

"जोडला हाय तं मंग नेट काऊन नाई?" प्रफुलनं लॅपटॉपलाच विचारलं.

त्यानं लॅपटॉप बंद करून चालू केला. वायर काढून फुंकर मारून लावली. दुसरी वायर लावली. टेबलाखालच्या डब्याचा प्लग पायाच्या अंगठ्यानंच बटण दाबून बंद केला, पुन्हा चालू केला. खाली दिवे लागलेले कडेनं दिसले. दिवे लुकलुकतात म्हणजे डबा जिवंत आहे, असं म्हणून तो पुढच्या खोलीत पळाला.

इकडे मागच्या खोलीत लॅपटॉपच्या टेबलासमोर झिंगू भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसला होता. बाकावर बस म्हटलं तरी तो खालीच बसला होता. खांद्याला वाळल्या भोपळ्याचा तुंबा, त्यात गावच्या विहिरीचं पाणी. मधून मधून तो तुंबा पोरीपुढे धरी आणि आपल्या बोलीत "येर", म्हणजे पाणी, एवढंच म्हणे. करिश्मा दोन घोट पाणी पिई आणि तुंबा परत देई. सिकलसेलच्या माणसानं पाणी कमी पडू द्यायचं नाही, हे त्यानं एकदा ऐकलं होतं, ते धरून ठेवलं होतं.

पुढच्या खोलीतून प्रफुल ओरडला, "आलं! आलं नेट! मॅडमले लाव!"

राउटर बंद करून चालू केल्याबरोबर नेट आलं होतं. करिश्मानं घाईनं बटण दाबलं. पडद्यावर डॉक्टर मॅडमचा चेहरा उमटला. "हं, करिश्मा, कशी आहेस, बाबा आलेत का तु..." आणि तो चेहरा तोंड उघडं असतानाच थिजला. प्रफुल धावत येईपर्यंत पडदा काळा झाला होता.

झिंगूनं पडद्याकडे पाहिलं. "बाई गेली?"

"गेली नाई, भाऊ. येते. थांब."

तो पुन्हा राउटरकडे पळाला. पुन्हा तेच. घोटभर नेट, मग कोरड. त्यानं लॅपटॉप उचलून थेट राउटरला लावला, डब्याकडे जाणारी वायर तशीच ठेवून. तिथंही नाही. मग दोष बाहेरच्या लाईनचा, असं त्यानं ठरवून टाकलं, लॅपटॉप परत मागच्या टेबलावर ठेवला आणि अहेरीच्या लाईनवाल्या दिनेशला फोन लावत सागाभोवती फिरू लागला. फोन बाराव्या फेरीला लागला का विसाव्या, कुणास ठाऊक.

"लाईन चोख हाय तुही," तुटक आवाजात दिनेश म्हणाला. "इथी मले हिरवंगार दिसून राह्यलं. तुह्याच घरात पाह्य, कोनं तरी..." आणि फोन जंगलात गेला.

"याले काय दिसते तिथून!" प्रफुलनं खुर्चीवरचं हेल्मेट उचललं. "मी अहेरीले जाऊन त्याले धरूनच आणतो."

"सर," करिश्मा दारात आडवी उभी राहिली. ती त्याच्याकडे टायपिंग शिकली होती, म्हणून एवढं धाडस. "तुम्ही जाऊन येईपर्यंत मॅडम जेवायला उठतील."

"मंग काय करू? हातावर हात ठेवून बसू?"

"मागच्या येळेस मिक्सर असाच खोलला होता यानं," चहाचे कप घेऊन आलेल्या अंजनाबाई कुणाकडे न पाहता म्हणाल्या. "लाईटच गेली होती. घ्या, प्रफुलभाऊ, चहा घ्या. आज तरी बसून प्या."

त्यानं कप घेतला, खिडकीशी ठेवला, विसरला. पुन्हा लॅपटॉप, पुन्हा वायर. त्याच्या चालण्यानं खोलीतली हवाच ढवळून निघाली होती. करिश्माची बोटं ओढणीचं टोक गुंडाळत होती, सोडत होती. बाहेर आभाळ पुन्हा भरून येऊ लागलं होतं.

त्या आभाळाकडे पाहून झिंगू उठला. तुंबा खांद्यावर सारखा केला.

"चाल, पोरी. नाला भरंल. यष्टी गेली तं इथीच राहाव लागंल."

"बाबा, थोडं..."

"बाई नाई दिसत." त्याच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच करिश्माचा चेहरा उतरला. रागावलेल्या बापाशी भांडता येतं.

प्रफुल मधे आला. "भाऊ, मी शब्द देला हाय तिले. अजून थोडा येळ बसा. मी करतो."

झिंगूनं त्याला खालून वर पाहिलं. सकाळपासून हा माणूस त्याच्यासमोरून वाघ मागे लागल्यासारखा धावत होता.

"तू बस," झिंगू म्हणाला. "तू बसशील तं मी बसतो."

अंजनाबाईंनी पदर तोंडाला लावला. प्रफुलच्या तोंडावर दोनतीन उत्तरं येऊन गेली असावीत. पण झिंगू उभाच होता, आणि तो उभा राहणं म्हणजे निघणं होतं.

प्रफुल खाली बसला. भिंतीला पाठ, जमिनीवर, झिंगूच्या जागेशेजारी. झिंगूही बसला. करिश्मानं चहाचा कप आणून त्याच्या हातात दिला. त्याचा गुडघा हलत होता, कपातला चहा हलत होता. कुठं जाता येत नव्हतं, म्हणून तो समोर पाहत राहिला. समोर टेबलाखाली तो डबा होता. इतक्या वर्षांत त्यानं तो वरूनच पाहिला होता.

डब्याचे सगळे दिवे एकदम लुकलुकत होते. एकसारखे, जीव तोडून, पोळं उठल्यासारखे.

त्याच्या गुडघ्याचं हलणं थांबलं.

कार्यालयातले बाकी लोक गावोगाव शिबिरांना गेले होते. एकही दुसरा संगणक चालू नव्हता. मग हा डबा एवढा कुणाशी बोलतोय? दिवा लुकलुकतो म्हणजे काम चाललंय, हे खरं. पण इथं काम करणारं तर कुणीच नाही. नुसतीच धावपळ.

तो गुडघ्यांवर रांगत टेबलाखाली गेला. एक वायर काढली, तिचा दिवा विझला, बाकी नाचतच राहिले. ती परत खोचून दुसरी काढली, तेच, तीही परत खोचली. एक निळी वायर उपटली आणि सगळे दिवे धाप लागलेला माणूस ओट्यावर टेकावा तसे शांत झाले. त्यानं त्या निळ्या वायरवरून हात फिरवत नेला. ती टेबलामागून गेली, भिंतीच्या कडेनं कोपऱ्यापर्यंत गेली, आणि तिथून वळून परत आली. परत त्याच डब्यात. दोन्ही टोकं एकाच डब्यात. इकडून निघालेलं तिकडून आत, तिकडून निघालेलं इकडून आत. त्या गरगर फिरण्यात राउटरही गुदमरलेला, मग डॉक्टर मॅडमचा आवाज कुठून वाट काढणार!

कोपऱ्यातला जुना संगणक परवाच दुरुस्तीला चंद्रपूरला गेला होता. ही त्याची वायर.

"अंजनाबाई!" तो टेबलाखालूनच ओरडला. "हे टोक इथं कोनं खुपसलं?"

"मीच," अंजनाबाई शांतपणे म्हणाल्या. "सकाळी ते टोक मोकळं लोंबून राह्यलं होतं. अन् त्या डब्याचं एक भोक उघडं. तुम्हीच म्हणता ना, भोक उघडं दिसलं का कुंभारीण घर करते. मंग घातलं. चांगलं बसलं बी."

नियम प्रफुलचा होता, आवाज त्याचा होता, आणि वायर मोकळी सोडून घाईनं संगणक टेम्पोत चढवणाराही तोच होता. टेबलाखालून निघताना त्याचं डोकं तेवढं टेबलाला आपटलं.

"लाव, करिश्मा. मॅडमले लाव."

मॅडम जेवायला उठतच होत्या. यावेळी चेहरा थिजला नाही. त्यांनी करिश्माला दुखण्याबद्दल विचारलं, गोळ्यांबद्दल विचारलं, मग म्हणाल्या, "बाबांना समोर बसवा."

झिंगू लॅपटॉपसमोर आला, पण खुर्चीवर नाही, उभाच राहिला. त्यानं वाकून पडद्याकडे पाहिलं. मग विचारलं, "तिथी शाळेत, शिकवता शिकवता पाणी प्याव देतेत का?"

"देतील. नाही दिलं तर मला सांगा, मी बोलेन. बाटली तिच्याजवळच राहील. थंडीत उबदार कपडे, गोळी रोज, आणि ताप आला की लगेच दवाखाना. एवढं सांभाळलं तर ती शिकू शकते. पाठवा तिला."

"पाठवू?"

"पाठवा."

झिंगूनं मान हलवली. हो म्हटलं की नुसतं ऐकलं म्हटलं, हे करिश्मालाही कळलं नाही. ती बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. पडदा बंद झाला, अंजनाबाईंनी रिकामे कप उचलले, तो दाराकडे वळला.

दारात चपला घालताना त्यानं खांद्यावरून तुंबा काढला. हालवून आत किती पाणी आहे ते पाहिलं, आणि पोरीच्या खांद्यावर अडकवला. "घेऊन जाजो," तो म्हणाला. "बाटलीतलं तपते." आणि आभाळाकडे बघत यष्टीच्या दिशेनं चालू लागला. करिश्मा एका हातानं तुंबा धरून, दुसऱ्यानं डोळे पुसत त्याच्या मागं.

त्यांना अंगणापर्यंत पोचवून प्रफुल परत येऊन भिंतीशी बसला. चहावर साय धरली होती, तीही त्यानं पिऊन टाकली.

"बसायले लागले तुम्ही," अंजनाबाई म्हणाल्या. "दिव्यानीले सांगतो मी."

तेवढ्यात खिडकीतून एक कुंभारीण माशी आली, टेबलाखाली वळली, आणि डब्याच्या उघड्या भोकापुढं गुणगुणत फिरू लागली. प्रफुल टुणकन उठला.

"कापूस आणा, अंजनाबाई! वायर नोका आणू, कापूस!"