मॉलची पिशवी घेऊन वाण्याकडे गेले

बायांनो, आज घाटकोपरात माझं डोकं फुटता फुटता वाचलं.

तेल मॉलमध्ये स्वस्त, डाळ मार्केटात स्वस्त, म्हणून मी चार दुकानं फिरते. आज चूक एवढीच केली, की मॉलची पिशवी लपवली नाही आणि तशीच आमच्या नाक्यावरच्या वाण्याकडे जिरं मागायला गेले.

"तेल तिकडचं, आणि पन्नास ग्रॅम जिऱ्याला मी काय?" असं ओरडून त्याने वजनच फेकून मारलं. कानाजवळून गेलं मेलं! मी कॉलर धरून दोन कानाखाली वाजवल्या. चष्मा फुटला, ओठातून रक्त आलं.

"मार अजून, ताई. संध्याकाळ झाली तरी बोहनी नाही. तूच पहिली आलीस."

माझा हात खालीच आला.

तेल तर मी मॉलमधूनच आणणार, दुसरं परवडत नाही. पण रोज त्याच्या दुकानासमोरून कोणत्या तोंडाने जाऊ, सांगा ना?