आठ डिसेंबरचे दोन गायक

बीडमध्ये त्या काळी इंग्रजी रॉक ऐकणारे आम्ही दोघंच असू, निदान आमचा तसा समज होता. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि माझ्या मित्राचं कॅसेटचं दुकान होतं. कोऱ्या कॅसेटवर लोकांना हवी ती गाणी भरून द्यायची, हा त्याचा धंदा. लग्नाची गाणी, भजनं, कव्वाल्या यांवर दुकान चालायचं. रॉकचा कप्पा गिऱ्हाइकांसाठी नव्हताच. आखातात नोकरीला असलेला त्याचा मावसभाऊ सुट्टीवर येताना चार-पाच कॅसेटी आणायचा, त्या तिथं राहायच्या.

दुकानात शॉर्टवेव्हचा रेडिओ होता. त्यावर एका परदेशी केंद्राचा कार्यक्रम दुपारी लागायचा. रॉकच्या इतिहासात आजच्या तारखेला काय घडलं, ते निवेदक रोज सांगायचा. कोणता बँड पहिल्यांदा मंचावर उभा राहिला, कोणती रेकॉर्ड बाजारात आली, कुणाचं विमान पडलं. खरखरीतून निम्मं कळायचं, उरलेलं आम्ही मनानं जुळवायचो.

आठ डिसेंबर ही आमची खास तारीख. त्या दिवशी एक गायक जन्मला होता, जो पुढं ऐन तरुणपणी पॅरिसमध्ये न्हाणीच्या टबात मेलेला सापडला. आणि त्याच तारखेला, ऐंशी साली, न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्या एकाला स्वतःच्या घराच्या दारात गोळ्या घातल्या गेल्या. त्या दिवशी आम्ही दोघांच्याही कॅसेटी लावायचो. चहा माझ्याकडून.

ब्याण्णव साली ती तारीख आली तेव्हा अयोध्येची बातमी येऊन दोन दिवस झाले होते. बाजार आपसूक बंद झाला होता. माणसं दाराशी उभी राहून बोलायची आणि कुणी आलं की गप्प व्हायची.

मी सायकल काढली तशी माझ्या वडिलांनी, अप्पांनी विचारलं, "कुठं निघालास?"

"कॅसेटच्या दुकानात."

"आजच कावून? आज गाणी ऐकायचा दिस हाय का?"

मी पायडल मारलं. त्यांनी अडवलं नाही, फक्त मी वळेपर्यंत ओट्यावर उभे राहिले.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेलो तर मित्र आणि त्याचे वडील, म्हणजे आमचे चाचा, कॅसेटी खोक्यांत भरत होते. माजलगावहून मित्राचा मामा जीप घेऊन येणार होता. घरची सगळी तिकडं निघाली होती.

"किती दिवस?" मी विचारलं.

"बघू," मित्र म्हणाला.

रेडिओ तेवढा चालू होता. निवेदक बोलता बोलता त्या गोळ्या घातलेल्या गायकापर्यंत आला. मारणाऱ्यानं त्याच दिवशी आधी गायकाची सही घेतली होती, असं तो सांगत होता. हे आम्हाला नवीन होतं. मित्राचे हात थांबले.

"क्या बोलरा वो?" चाचांनी विचारलं.

मित्रानं सांगितलं. चाचा हातातली कॅसेट तशीच धरून उभे राहिले.

"पैचान का था क्या?"

"नही अब्बा. उसके गाने सुननेवाला था."

चाचांनी कॅसेट खोक्यात ठेवली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, संशयानंही नसावं. मी शाळेत असल्यापासून त्यांच्या घरी जेवत आलेलो. पण त्या नजरेनंतर मला तिथं बसवेना. मित्रानं रेडिओ बंद केला. त्या वर्षी आम्ही एकही कॅसेट लावली नाही.

जीपमध्ये खोकी मावणार नव्हती. मी म्हणालो, "अप्पांच्या किराणा दुकानात ठेवतो." मित्रानं वडिलांकडं पाहिलं. चाचा म्हणाले, "रख बेटा. तूच रख."

खोकी सायकलच्या कॅरिअरला बांधून मी निघालो. कोपऱ्यावर पाच-सात जण उभे होते. त्यातले दोघं ओळखीचे.

"काय बे, कुणाचा माल हाय?"

"आमच्या दुकानाचा."

"त्या गल्लीतून?"

"हौ."

एकानं वरच्या खोक्याचं झाकण उचकटलं. लांब केसांच्या गोऱ्या माणसाचा फोटो वरच होता.

"हे कोन?"

"गायक हाय. विलायती."

"जिता हाय का?"

"न्हाई."

त्यानं झाकण खाली केलं. मी सायकल ढकलत पुढं गेलो. दुकान येईपर्यंत वर बसलो नाही.

अप्पांनी खोकी पाहिली. तेलाचे डबे सरकवून मागं जागा केली आणि म्हणाले, "कुणाला सांगू नको." त्यांना कुणाची काळजी वाटत होती, चाचांच्या घरच्यांची की आमची, ते मला कधी कळलं नाही.

आमच्या गल्लीत काही झालं नाही. पण काही झालं नाही हे सांगतानाही लोक पुढं कितीतरी दिवस आवाज खाली घ्यायचे.

मित्र उन्हाळ्यात आला, एकटाच. दुकानाची जागा त्यानं सोडली होती. आमच्या दुकानाच्या पत्र्याखाली तापून कॅसेटी बिघडल्या होत्या. एक लावून पाहिली तर आवाज म्हाताऱ्यासारखा ओढत निघाला. आम्ही दोघंही हसलो, मग तो एकदम थांबला. कव्वाल्या आणि लग्नाची गाणी त्यानं पिशवीत भरली. रॉकच्या कॅसेटींना हात लावला नाही.

"ह्या?"

"राहू दे तुझ्याकडंच. तिथं कुठं ऐकायला वेळ हाय?"

"आठ डिसेंबरला तरी ये."

"त्या दिवशी अब्बा मला घराबाहेर सोडायचे न्हाईत," तो म्हणाला आणि पिशवीचा बंद आवळू लागला.

काही वर्षांनी शेतासाठी पाइप घ्यायला मी माजलगावला गेलो. धरणाच्या पाण्यावर सगळीकडं ऊस उभा होता आणि मित्राचं पाइप-मोटारींचं दुकान जोरात चाललं होतं. "तुमी कवा आलात?" त्यानं विचारलं. गिऱ्हाईक समोर आहे म्हणून असेल, असं मला वाटलं. गिऱ्हाईक गेल्यावरही तो 'तुमी'च म्हणत राहिला. मी चाचांची चौकशी केली. ते आदल्या वर्षीच वारले होते.

"कळवायचं राहून गेलं," तो म्हणाला.

मी पाइपचे पैसे मोजून दिले. नोकर मोकळे असतानाही तो स्वतः बाहेर आला, पाइपची वेटोळी टेम्पोवर चढवली, दोरी दोनदा ओढून पाहिली, आणि टेम्पो निघेपर्यंत उन्हात माझ्याजवळ उभा राहिला.