सर घरी लिहायला विसरले तो शब्द

अमरावतीत ज्याला व्हर्च्युअल फंक्शन म्हणजे काय हे माहीत नाही, तो माणूस एक तर कालच गावात आलेला असला पाहिजे, नाहीतर आमच्या सरांना लांबून बघून गल्ली बदलण्याइतका हुशार असला पाहिजे. सरांचा कॉम्प्युटर क्लास पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या माडीवर. मुळात ते सरांच्या वडिलांचं टायपिंग इन्स्टिट्यूट. पाटीवरचा 'टायपिंग' हा शब्द नव्या रंगाखालून अजून डोकावतो. वडिलांच्या मशिनी हलवून सरांनी तिथे कॉम्प्युटर मांडले आणि पुढे आयुष्यभर सी प्लस प्लस ही एकच भाषा शिकवली. त्या भाषेतही त्यांचा जीव 'व्हर्च्युअल' या एका शब्दात अडकलेला. बाकीची भाषा म्हणजे त्या शब्दापर्यंत पोचायचा रस्ता, तोही खड्ड्यांचा, असं त्यांचं मत. गाडीवर गिलावडे विकणाऱ्याला त्यांनी तो शब्द शिकवला, पोस्टमनला शिकवला, आणि त्यांचा न्हावी तर गिऱ्हाइकांना सांगायचा, "सरची दाढी कराले मले दुप्पट टाइम लागते. अर्धी झाली का थे माही परीक्षा घेते."

वलगावला माझ्या बहिणीच्या लग्नात सर पंगतीला बसले होते. माझ्या काकांनी मांडवाच्या टोकावरून नुसतं "वाढा!" म्हणून आवाज दिला आणि वाढपी सुटले. सर भरल्या पानावरून उठले, माझा दंड धरला आणि म्हणाले, "पाह्य बे! काकानं काय सांगतलं? वाढा. काय वाढा, हे सांगतलं काय? नाई. ज्याच्या बादलीत वरन हाये थो वरन वाढून राहिला, ज्याच्या परातीत बुंदी हाये थो बुंदी. हुकूम एकच, काम ज्याचं त्याचं. हेच व्हर्च्युअल!" मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं, की तो शब्द लिहायचा राहिला तर? सरांचा चेहरा एखाद्याच्या आजारपणाची बातमी कळावी तसा झाला. "मंग कॉम्प्युटर वाढप्याच्या हातात काय हाये, हे पाह्यतच नाई ना बाबू. थो फक्त वाढप्याईच्या मुख्याकडे पाह्यते. मुख्याकडे वरन असलं का समद्याईच्या नावानं वरनच. बुंदीवाल्याची बुंदी हातातल्या हातात राहून जाते आन पानात पडते मुख्याचं वरन." एवढं होईपर्यंत बुंदी आणि मठ्ठा दोन्ही त्यांच्या पानावरून पुढे निघून गेले होते. सर वरणभातावरच उठले, पण इतके तृप्त दिसत होते, की काकांनी त्यांना पाहुण्यांत सगळ्यात चांगला पाहुणा ठरवून टाकलं.

वर्गात ते हजेरीला नाव पुकारत नसत. खडू एकेकाकडे रोखून फक्त म्हणत, "अभिवादन!" मग कुणी राम राम म्हणे, कुणी जय भीम, बाळापूरहून मावशीकडे शिकायला आलेली सलमा सलाम करी, आणि मी नवा शहाणा 'गुड मॉर्निंग' म्हणत असे, संध्याकाळची बॅच असूनही. सेमाडोहची एक लाजाळू मुलगी काहीच बोलली नाही, नुसते हात जोडून हसली. वर्ग खिदळला. सर गरजले, "दात काहून काढून राहिले रे? तिचं फंक्शन बिनआवाजाचं हाये. बराबर चाललं ते!" आणि तिची हजेरी लावली. ती मुलगी नंतर वर्षभरात एकदाही गैरहजर राहिली नाही. असा मास्तर मला पुन्हा भेटला नाही, हे मी इथेच सांगून टाकतो.

फळा संपला की सर बाहेर पडत. उन्हाळ्यात रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्यांवर धूळ बसते, ती त्यांना देवानं दिलेली कागदाची रीम वाटे. बोटानं वर एक चौकोन, तो बाप, म्हणजे मूळ साचा. खाली दोन-तीन चौकोन, ती त्या साच्यावरून निघालेली लेकरं. आणि प्रत्येक लेकरातून निघून बापाला टेकणारा एकेक बाण. मी एकदा बाण वरून खाली काढला, तर त्यांनी माझं बोट धरून तो पुसायला लावला. "बान लेकराकडून बापाकडे जाते, लक्षात ठेवजो. लेकराले बाप माहीत असते. बापाले काय माहीत, आपल्याले कोन कोन लेकरं होनार आन थे काय काय करनार?" गाडीचा मालक मागे येऊन उभा होता. त्यालाही त्यांनी बापाचा चौकोन समजावूनच सोडलं.

असा हा जगाला ज्याचं त्याला करू द्यायला सांगणारा माणूस. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. घरी त्यांना एकच लेक, आणि तिनं सगळं सरांसारखंच करावं, हा त्यांचा हट्ट. चहात आलं घालायचं तर सर घालतात तेवढंच. स्कूटर लावायची तर सर लावतात त्याच कोनात. ती इंजिनिअर झाली, क्लासमध्ये हाताशी उभी राहिली, तेव्हा सरांना आकाश ठेंगणं झालं, पण तिनं फळ्यावर पहिला चौकोन काढला आणि सर म्हणाले, "गोल झाले कोपरे. पुस."

मागच्या वर्षी सरांच्या घशात गाठ निघाली. ती साधीच होती, काढलीही. पण डॉक्टरांनी दोन महिने शब्दही बोलायचा नाही म्हणून दम दिला. सरांनी एक दगडी पाटी विकत घेतली, तिच्यावर पहिल्यांदा डॉक्टरांसाठीच चौकोन काढले, आणि मग घरी बसून लेकीसाठी लांबलचक रजिस्टर लिहून काढलं. नवी बॅच त्यातूनच शिकवायची. शब्द न् शब्द त्यात होता. मधे मधे सूचना: 'इथे खिडकीकडे दोन पावलं जाणे.' 'इथे पोट्टे हसतात, थांबणे.' 'इथे चष्मा पुसणे.' लेकीला चष्मा नव्हता.

दोन आठवड्यांनी तिचा मला अकोल्याला फोन आला. "दादा, तुमी याच. बॅचमधले अर्धे पोट्टे सोडून गेले. मले पुन्याच्या कंपनीनं बलावलं हाये, सोमवारपर्यंत हो का नाई सांगाचं हाये. मले जाचं नाई ना, दादा. मले बाबाचा क्लास चालवाचा हाये. पन बाबा म्हनते, क्लासात बाबाच चालव. नसलेला चष्मा कुठवर पुसू मी?" ती हसत होती आणि रडतही होती. ती गेली तर माडीला कुलूप लागणार, हे मला कळत होतं. शनिवारी दुपारची बस धरून मी अमरावतीला पोचलो.

सर शेवटच्या बाकावर पाटी मांडीवर घेऊन बसले होते. मला बघून त्यांनी पाटीवर लिहिलं, 'अभिवादन!' मी वाकून नमस्कार केला आणि शेजारी बसलो. लेक आली. तिनं रजिस्टर उघडलं, सरांकडे एकदा पाहिलं, आणि रजिस्टर मिटून टेबलाच्या खणात ठेवून दिलं. ती म्हणाली, "समद्याईनं फोन काढा. पाच वाजून दहाचा अलार्म लावा. आपापला आवाज ठेवा, बदलू नका. बाबा, तुमी बी." पाच दहा झाले आणि माडीवर असा कल्लोळ उठला, की खालचा मोटारवाला पाना घेऊन वर धावत आला. कुणाचं भजन, कुणाची कव्वाली, कुणाचा डीजे, एकाची तर म्हैसच हंबरली. लेक त्या गोंगाटात ओरडली, "हुकूम काय देल्ला होता? वाज! वाजला कसा? ज्याचा जसा तसा!" वर्ग हसला, आणि त्यासाठी रजिस्टरात कुठे 'थांबणे' लिहावं लागलं नव्हतं. सरांच्या साध्या फोनचा अलार्म मात्र नुसता टिर्र टिर्र करत होता. "आन ज्याईनं आपला आवाज भरलाच नाई," ती हळूच म्हणाली, "त्याईचा कंपनीतून आला तसाच वाजते. वडिलोपार्जित. तो बी चुकीचा नसते." सरांनी फोन बंद केला आणि पाटीशेजारी ठेवला.

मग तिनं फळ्यावर पायथन नावाच्या दुसऱ्या कॉम्प्युटर भाषेत तोच खेळ लिहिला. चौकोनांचे कोपरे गोलच होते. वर बाप, खाली लेकरं, प्रत्येकाचं वेगळं वाजणं. सर पुढे वाकून एकेक ओळ तपासत होते. शेवटी त्यांनी पाटी उंच धरली. 'व्हर्च्युअल कुठे लिहिलं?'

वर्ग मागे वळून बघायला लागला. लेक दोन बाकांमधून चालत आली. "बाबा, या भाषेत थो शब्द लिवाच लागत नाई," ती म्हणाली. "लेकरू आपल्या हिशेबानं करीन, हे धरूनच चालते."

ज्या एका शब्दावर माणसानं जन्म काढला, तो आता लिहावाही लागत नाही, हे ऐकताना काय होत असेल, ते मला त्यांच्याकडे न बघताही कळलं. सरांनी पाटी शर्टाच्या बाहीनं पुसली. खडू दोनदा टेकवला, दोनदा उचलला. मग लिहून त्यांनी पाटी लेकीच्या हातात दिली.

'बरं हाये. मी घरी थो शब्द लिवाले विसरून गेलो होतो.'

तिनं ती वाचली, आणि भर वर्गात सरांच्या डोक्यावर हनुवटी टेकवून उभी राहिली. पुण्याला तिनं सोमवारी नाही म्हणून कळवलं.

आता सरांचा आवाज परत आला आहे, पण पहिला नाही, घोगरा, शेजारच्यापुरता. ते अजून रोज शेवटच्या बाकावर बसतात. लेक हजेरीला "अभिवादन!" म्हणते, तेव्हा त्यांचाही नंबर येतो, आणि ते सेमाडोहच्या त्या मुलीसारखे हात जोडून हसतात. मागच्या महिन्यात मी भेटून निघालो, तर खाली लेकीच्या धुळकट स्कूटरवर ताजे चौकोन काढलेले दिसले. वर एक, खाली एकच. बाण मात्र वरच्या बापातून निघून खालच्या लेकराला टेकला होता. सरांच्या हातून अशी चूक मी कधी पाहिली नव्हती. पुसायला बोट पुढे केलं, आणि तसंच मागे घेतलं.