नवस माझा, जोगवा त्यांचा

माझ्या नवऱ्याची दारू सुटली असं ज्या दिवशी माझ्या मनानं पक्कं धरलं, त्या दिवशी मी आधी सौंदत्तीच्या यल्लम्माच्या दिशेनं हात जोडले. हे शेजारीच खुर्चीत बसले होते. त्यांच्याकडं वळून बघावं असं मला सुचलंसुद्धा नाही. आता हे लिहितानाही कान तापतात.

आम्ही बेळगावात, शहापुरात राहतो. माझं माहेर जवळच, वडगावात. माहेरी माग होते. सगळं घर मागांच्या खडखडाटात एकमेकांशी ओरडून बोलायचं. मी शिकून प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले. हे खानापूरला एका कचेरीत कारकून. सकाळी बसनं जायचे, संध्याकाळी बसनं यायचे, ते पिऊनच.

त्यांनी कधी हात उचलला नाही, शिवीगाळ केली नाही. गल्लीच्या तोंडापासून भेटेल त्याला मोठमोठ्यानं नमस्कार घालत यायचे, एवढंच. त्या आवाजावरून सगळ्या गल्लीला कळायचं आज किती झालीय ते. पायरीवर बसून बूट काढायला त्यांना फार वेळ लागायचा. आमची मुलगी तेव्हा नववीत होती. तो आवाज आला की ती आतल्या खोलीचं दार लावून घ्यायची.

मी रडले, अबोला धरला, दिरांना मध्ये घातलं. एकदा डॉक्टरांकडं घेऊन गेले, तर हे फाटकातूनच माघारी फिरले. मग मी तो विषय काढणंच सोडून दिलं. स्वयंपाक व्हायचा, ताट वाढलं जायचं, दारूबद्दल मात्र आमच्यात एक शब्द होत नव्हता. अशातच एका पौर्णिमेला आई मला यल्लम्माच्या डोंगरावर घेऊन गेली. गर्दीत रेटारेटी होत होती. देवीसमोर उभं राहायला क्षणभर मिळालं, आणि त्या क्षणभरात मी बोलून गेले, "आई, ह्यांची बुद्धी फिरव. ह्यांची दारू सोडव. ह्यांच्या हातनं पाच घरी जोगवा मागीन."

जोगवा मागायचा म्हणजे देवीची परडी हातात घेऊन, अनवाणी, दारोदार पीठ-मीठ मागत फिरायचं. स्वतःसाठी बोलले असते तर गोष्ट वेगळी. मी देवीला त्यांचे हात देऊन बसले होते, आणि ते बिचारे त्या वेळी खानापुरात उतारे काढत बसले होते.

पुढच्या वर्षी पावसाळा सरता सरता ते एका संध्याकाळी न पिता घरी आले. दुसऱ्या दिवशीही तसेच आले. मी काही विचारलं नाही. विचारलं तर दृष्ट लागेल, असं मी स्वतःला सांगत होते. आठवडे गेले, मग महिने. मुलीनं खोलीचं दार लावणं सोडलं. मी दर शुक्रवारी देवीला हळद-कुंकू वाहायची आणि मनात म्हणायची, आई, तू ऐकलंस.

ह्यांच्याशी मात्र त्या दिवसांत मी फार चिडून वागले, ही खरी गोष्ट. संध्याकाळची बस सोडून त्यांनी लोंड्याकडून येणारी पॅसेंजर धरायला सुरुवात केली होती. ती कधी वेळेवर यायची नाही. घरी यायला अंधार व्हायचा. "एवढी बस सोडून रेल्वेचे नखरे कशाला?" मी म्हणायची. खिशात गुळाचे खडे असायचे, शर्टांना मुंग्या लागायच्या. "ह्या वयात शुगर लागेल," म्हणून मी ते खडे काढून टाकायची. ऑफिसातल्या कुणाच्या लग्नाला जायचे नाहीत, निरोप समारंभाला जायचे नाहीत. "माणसं तोडायला लागलात," असंही मी म्हटलं होतं. ते ऐकून घ्यायचे. एकदा फक्त म्हणाले, "बोल, बोल. तुझं बोलणं ऐकलं की बरं वाटतंय." मला वाटलं, टोमणा आहे.

उन्हाळ्यात आई म्हणाली, "आता नवस फेड गं. देवीला ताटकळत ठेवू न्हाई." मी खडेबाजारात जाऊन वेताची नवी परडी आणि भंडारा आणला आणि ह्यांना सांगितलं.

"माझ्या हातनं?" त्यांनी विचारलं.

"मी बोललेय यल्लम्मा आईला."

"मला न विचारता?"

"नवस काय विचारून करतात व्हय?"

त्यांनी परडी हातात घेऊन उलटीपालटी केली. मग म्हणाले, "बरं. तू बोललीस ते खोटं पडायला नको."

शुक्रवारी सकाळी त्यांनी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले, कपाळभर भंडारा लावून घेतला. आम्ही दोघं निघालो. परडी त्यांच्या हातात, मी मागं. गल्ली तीच, ज्या गल्लीतून ते वर्षानुवर्षं झोकांड्या खात आले होते. आता अनवाणी, मान खाली घालून चालले होते. पहिल्या दाराशी त्यांच्या तोंडातून "जोगवा" हा शब्द निघेना, म्हणून मीच म्हटला. तिथल्या बाईंनी पीठ घातलं, पाया पडल्या. दुसऱ्या घरी म्हातारे आजोबा होते. त्यांनी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. तिसऱ्या घरी मीठ-मिरची मिळाली. मला बरं वाटायला लागलं होतं. अभिमानच वाटत होता म्हणा ना. गल्लीतल्या बाया दारात आल्या होत्या. माझं गाऱ्हाणं देवीनं ऐकलं, हे सगळ्यांना दिसत होतं.

चौथं घर होतं एका काकूंचं. स्वभावानं मोकळ्या, कानडी-मराठी मिसळून बोलणाऱ्या. त्यांनी सुपातून जोंधळे आणले, परडीत घातले आणि ह्यांच्या तोंडाकडं बघून म्हणाल्या, "यल्लव्वा दोड्डाकी. देवी लई मोठी बघा. तिनं हात धरला म्हणून सुटली, न्हाईतर तुमच्यानं कुठलं व्हतंय!"

काकूंच्या मनात वाईट काही नव्हतं. त्या हसतच बोलल्या. ह्यांनी मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. काही मागत असल्यासारखं बघितलं. आणि मी काय बोलले? "व्हय की ओ काकू. सगळी आईचीच किरपा. ह्यांच्यात कुठली एवढी ताकद!"

समोरच्या दोघीतिघी हसल्या. मीही हसले.

ह्यांनी परडी माझ्या हातात दिली. अगदी जपून दिली, पीठ सांडू न देता. आणि ते घराकडं चालू लागले. मी मागून हाक मारली, "अहो, अजून एक घर ऱ्हायलंय!" ते थांबले नाहीत. मी भर गल्लीत परडी घेऊन उभी.

घरी आले तर ते स्वयंपाकघरात पाणी पीत होते. मला भीती वाटत होती. देवी कोपेल ही भीती, आणि हे रागानं कुठं बाहेर पडतील ही दुसरी भीती. मी म्हटलं, "अर्धा जोगवा टाकून येतात का कुणी?"

ते म्हणाले, "जरा बस."

मी बसले.

"खानापुरात बस स्टँडच्या समोर बार हाय, माहीत हाय तुला?"

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं कुठं पिता ते.

"बसला थांबलं की समोर तोच दिसतोय. पाय आपोआप जातात. म्हणून स्टेशनवर जातो. स्टेशनवर जायला मागचा रस्ता हाय, तिथं काय न्हाई. पॅसेंजर उशिरा आली तरी चालतंय, बाकड्यावर बसतो. गूळ चघळत बसतो. हात थरथरायचे पहिल्यांदा. एकदा ऑफिसात सही करता येईना, तर हात दुखावलाय म्हणून सांगितलं सगळ्यांना." ते पुढं म्हणाले, "तू गूळ टाकून द्यायचीस. मी परत घ्यायचो."

मला वर बघवेना. माझ्या डोळ्यांसमोर सगळं होतं. उशीर, मुंग्या, चिडचिड, टाळलेली लग्नं. सगळं मी बघत होते आणि प्रत्येक गोष्टीवरून त्यांना बोलत होते.

तरीही मी वाद घातला. लाज वाटायला लागली की माणूस आधी वादच घालतो. म्हटलं, "पण एवढी वर्षं का न्हाई सुटली मग? ही बुद्धी दिली कुणी? मी मागितलं आणि तिनं दिली, एवढंच म्हणत होते मी."

"दिली असंल. मी कुठं न्हाई म्हणतोय?" ते म्हणाले. "स्टेशनजवळ मारुती हाय. मी पण उभा ऱ्हायचो त्याच्यापुढं. पण माझी दारू सोडव असं न्हाई म्हणालो कधी. म्हणायचो, गाडी येईपर्यंत मला हितंच बसू दे. बसायचो तर मीच की न्हाई?"

मी परडीतलं पीठ सारखं करत राहिले.

"तू देवीला मागितलंस त्याचं मला वाईट वाटलं न्हाई," ते म्हणाले. "उलट कुणीतरी मागितलं ह्याचं बरं वाटलं. पण वर्ष होत आलं. कसं सोडलंत, जमतंय का, तरास होतोय का, एवढं एकदा मला विचारलं असतंस. देवीला विचारायला डोंगरावर गेलीस. मी हितं घरात होतो."

ते उठून कामावर गेले. मी परडी देवघरापुढं ठेवली आणि तिथंच बसून राहिले. पहिल्यांदा वाटलं, देवीची माफी मागावी. मग लक्षात आलं की चूक देवीच्या बाबतीत झाली नव्हती आणि माफीही तिच्याकडं मागायची नव्हती. "बुद्धी फिरव" म्हणताना मला नेमकं काय हवं होतं? बिघडलेला माग जसा कारागिराकडं टाकून यावा, तसा मी माणूस टाकून आले होते. दुरुस्त करून दे, मला मधे पडायला लावू नको. देवीनं खरंच तसं केलं असतं, रात्रीतून त्यांचं मन उलटं फिरवलं असतं, तर घरी आलेला तो माणूस कोण असता? पण तिनं काहीच केलं नाही असंही मला म्हणवत नाही. डोंगरावर मी बोलले आणि पुढच्या पावसाळ्यात ते सुधारले, हे मी कसं विसरू? दोन्ही खरं कसं असेल, हे मला तेव्हा उमगलं नाही, आजही पुरतं उमगत नाही.

आईला कळलं तेव्हा ती घाबरली. "अर्धा जोगवा घरात ठेवू नये गं पोरी. त्यास्नी समजव." मी म्हटलं, त्यांना आता काही समजवायचं नाही. पुढच्या शुक्रवारी मीच परडी घेतली, चपला काढल्या आणि पाचव्या घरी गेले. तिथं माझ्याच शाळेतल्या निवृत्त बाई राहतात. त्यांनी दार उघडलं, परडी बघितली.

"आज तू? आणि ते कुठायत?"

"नवस माझा होता बाई," मी म्हटलं. "दारू त्यांनी सोडली."

एवढं बोलायला मला फार जड गेलं. बाईंनी मूठभर तांदूळ घातले आणि म्हणाल्या, "मग देवीनं काय केलं?"

मला उत्तर आलं नाही. बाई म्हणाल्या, "न्हाई आलं तर न्हाई आलं. जा."

परतताना काकूंच्या दारावरून जावं लागलं. त्या ओट्यावर भाजी निवडत होत्या. मी थांबले आणि सांगितलं की त्या दिवशी मी चुकीचं बोलले, ह्यांनी फार सोसून सोडलीय. काकू सहज म्हणाल्या, "तेच की गं. देवीनं दिलं म्हणूनच सोसलं." आणि पुन्हा भाजी निवडायला लागल्या. एका वाक्यात त्यांनी सगळं जुळवून टाकलं. त्यांचं चूक होतं असंही नाही. पण त्या दिवशी ह्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं होतं, ती नजर काकूंनी बघितली नव्हती.

मी काकूंना काय सांगितलं ते ह्यांच्या कानावर आलं असणार, गल्लीत काही लपत नाही. ते त्यावर काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. पण मी दुसरं विचारायला लागले. आज कसं गेलं, कुणी आग्रह केला का, हात बरा आहे का. पहिल्यांदा फार अवघडल्यासारखं व्हायचं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याची ओळख करून घेतल्यासारखं.

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी मी भाकरी थापत होते. हे येऊन दाराच्या चौकटीला टेकले. म्हणाले, "काल साहेबांच्या निरोपाला गेलतो. जायला नको होतं. ग्लास हातात घेतलता." माझा हात पिठात तसाच थांबला. "घेतला आणि ठेवला. पण लई वेळ धरून होतो. तुला सांगावं म्हटलं."

सवयीनं माझे दोन्ही हात देवघराच्या दिशेनं वर गेले. निम्म्यात मी ते खाली घेतले. चेहरा लाल झाला असावा, कारण ते बघत होते.

"जोड की हात," ते म्हणाले. "मी काय नको म्हणलोय?"

मी पिठाच्या हातांनीच नमस्कार केला. काय मागितलं, ते मात्र मला नीट सांगता येणार नाही. मग मी तवा खाली उतरवला आणि म्हटलं, "बसा. कसं झालं ते पहिल्यापासून सांगा."