बाविसावा फोन

रोज सकाळी चहाबरोबर मी मोबाइलवर जुन्या, पडून राहिलेल्या गाड्यांच्या जाहिराती बघतो. एक निळी गाडी दोन महिने मनात होती. चारही चाकं बसलेली, टपावर शेवग्याचा पाला. किंमत साठ हजारांवरून पस्तीसवर आली. अजून उतरेल म्हणून थांबलो. परवा फोन करून सवयीने विचारलं, "शेवटची किंमत किती?"

पलीकडच्या आजी म्हणाल्या, "तुमचा बाविसावा फोन. सगळे हेच विचारतात, बघायला कोणी येत नाही. आमच्या यांची गाडी हो. कोणी दुरुस्त करून चालवली असती, तर फुकटही दिली असती. काल भंगारवाल्याने तोडून नेली."

आम्ही फोन करणारे स्वतःला जुन्या गाड्यांचे शौकीन म्हणवतो. माझ्या मोबाइलमध्ये अशा एक्केचाळीस गाड्यांचे फोटो जपलेले आहेत. त्यांतल्या एकीलाही मी अजून हात लावलेला नाही.